बगळा छाप साबण

संध्याकाळी माय घरी पोचायच्या आधी तिचा वास पोचायचा. कपडे धुवायच्या पिवळ्या साबणाचा वास, त्यात थोडा करपल्या तेलाचा, आणि त्याच्याही खाली नाकात झोंबणारा सोड्याचा. बाबा तहसील कचेरीत चपराशी होते, ते तिच्याआधी घरी यायचे. तो वास आला की ते स्टोव्हला पंप मारायला घ्यायचे, म्हणजे ती दारात चप्पल काढेपर्यंत चहाला उकळी फुटायची. आमचं घर म्हणजे पुढची खोली, मागची खोली आणि पत्र्याची मोरी. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली माझं दप्तर टांगायचा खिळा, आणि कोपऱ्यात मायच्या लग्नातली लोखंडी पेटी. त्या पेटीतल्या लुगड्यांनाही साबणाचा वास असायचा. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी म्हणायची, "कुंदे, तू रोज न्हाऊन येतेस काय वो?" मी हो म्हणायची. न्हाऊन नव्हे, मायच्या कुशीत झोपून येत होते.

मायचं नाव गयाबाई. साबणाच्या शेडमध्ये ती कढईवर होती. कढईवर म्हणजे सगळ्यात जोखमीच्या जागी. तेल तापवायचं, त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी धार धरून सोडायचं, लाकडी वल्ह्यानं ढवळत राहायचं, आणि साबण झाला की नाही हे ओळखायचं. ओळखायची तिची रीत एकच. वल्ह्यावरचा थेंब निववायचा आणि जिभेच्या टोकाला लावायचा. झोंबला तर सोडा जास्त, बुळबुळीत लागला तर तेल जास्त, आणि काहीच लागलं नाही तर साबण झाला. ह्या परीक्षेनं तिची जीभ पार मेली होती. आमच्या घरात वरणात मीठ कधी दुप्पट पडायचं, कधी पडायचंच नाही, आणि बाबा पहिला घास घेऊन माझ्याकडे पाहायचे. मी डोळ्यांनीच सांगायची, गप्प खा. तिच्या हातांच्या बोटांना सोड्यानं भेगा पडलेल्या. ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी तिला फार आवडायची, पण चटणी भेगांत शिरली की डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणून ती भाकर चमच्यानं खायची. भाकर चमच्यानं खाणारी बाई मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही.

मी दहावीत होते. आमची मराठी शाळा, पण गाव तेलुगू राज्यात, म्हणून तेलुगू सगळ्यांना शिकावीच लागायची आणि समाजशास्त्राला सरोजा मॅडम होत्या, त्या मूळच्या तेलुगू. मराठी त्या आमच्याकडूनच शिकल्या होत्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत मधूनच वऱ्हाडी आणि वाक्याच्या शेवटी बऱ्याचदा, तेलुगूत मुलींना लाडानं म्हणतात तसं, 'अम्मा' असायचं. एके दिवशी त्यांनी उद्योगांचा धडा घेतला. अवजड उद्योग पोलाद करतो, सिमेंट करतो, मोठाली यंत्रं करतो. ती आपल्या घरात येत नाहीत. हलका उद्योग करतो ते थेट माणसाच्या हाताला लागतं. साबण, काडेपेटी, वही, बनियन, चप्पल, कंगवा, छत्री, बिस्कीट, मेणबत्ती. भांडवल थोडं, वीज थोडी, जागा थोडी, हात मात्र जास्त लागतात. मी हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, हलका म्हंजे काम हलकं असते काय?" वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माल हलका, अम्मा. काम कसं असतं ते तू तुझ्या आईला विचार आणि मला लिहून आण." शाळेत पुढे प्रदर्शन भरायचं होतं, 'आपल्या जिल्ह्यातले उद्योग' असं. त्यात हलके उद्योग माझ्या वाट्याला आले.

त्यासाठी फार लांब जायला नको होतं. गावाबाहेर, जैनथच्या रस्त्याला लागून शेडांची एक रांग होती. एका शेडात वह्या शिवायच्या, दुसऱ्यात प्लास्टिकचे दोर वळायचे, एकात देवापुढच्या वाती आणि मेणबत्त्या, एकात रबरी चपला. आणि शेवटच्या शेडात वसंतसेठचा बगळा छाप साबण. मी शाळा सुटली की वही घेऊन तिथे जाऊन बसू लागले. कढईतला दाट रस लाकडी चौकटींत ओतायचा, दोन दिवस थिजू द्यायचा, मग दोन बायका दोन बाजूंनी तार धरून ओढायच्या. तार साबणातून जाताना असा एक मऊ, ओला आवाज यायचा की अंगावर शहारा यावा. मग लांब वड्या, मग लहान वड्या, आणि प्रत्येक वडीवर पायानं दाबायच्या यंत्राखाली बगळ्याचा ठसा. ठक्, ठक्, ठक्. माय सोडून अकरा बायका होत्या. त्यांच्यावर देखरेखीला शेवंताबाई. ती आमच्याच वस्तीतली, आमच्या घरापासून चौथ्या दारातली.

वसंतसेठबद्दल खरं सांगायचं तर सुरुवातीला तो वाईट नव्हता. किराण्याच्या दुकानातून वर आलेला माणूस, पहिली कढई त्यानं स्वतः डोक्यावरून वाहून आणली होती. माय त्याची पहिली कामकरीण. नार्नूरच्या बाजारातून मोहाच्या बियांचं तेल यायचं, ते इतर तेलात किती मिसळलं तर वडी घट्ट होते आणि फेसही टिकतो, हे मायनंच बसवून दिलं होतं. तिनं ते कुठं लिहिलं नव्हतं. तिच्या जिभेवर होतं. बगळा छाप चालला तो त्या जिभेवर. जैनथ, भीमपूर, पार पैनगंगेपलीकडच्या गावांतून दुकानदार पेट्या न्यायचे. तेलुगू दुकानदार 'कोंगा सब्बू' म्हणायचे, कोंगा म्हणजे बगळा. दिवाळीला सेठ सगळ्या बायकांना लाडू द्यायचा, आणि तारेनं कापताना पडलेले तुकडे त्यांना घरी न्यायला मुभा होती. आमच्या वस्तीतले सगळे कपडे त्या तुकड्यांवर धुतले गेले.

मग शेडमध्ये पांढऱ्या पावडरीची पोती येऊ लागली. शंखजिऱ्याची पूड, म्हणजे दळलेला मऊ दगड. थोडी साबणात घालतातच, वडीला आकार येतो, मायही घालायची. पण सेठ म्हणाला आणखी घाल, पुढच्या महिन्यात म्हणाला आणखी घाल. माय म्हणाली, "सेठजी, मंग साबन राह्यत नाई, खडू होते." सेठ म्हणाला, "कढई माही हाय का तुही?" तिनं घातली. वडी जड झाली, वापरायला घेतली की भसाभसा झिजू लागली, फेस मरून गेला. दुकानदार कुरकुरू लागले. भीमपूरच्या एकानं तर पेटीच परत पाठवली. आता ह्या पापाला कोणीतरी धनी हवा होता, आणि सेठ स्वतःच्या अंगावर काही घेणाऱ्यातला नव्हता.

तो दिवस मी विसरणं शक्य नाही, कारण मी तिथे वही उघडून बसले होते. पाच वाजले. बायका हात धुऊन फाटकाकडे निघाल्या. फाटकात सेठ उभा होता, शेजारी शेवंताबाई. शेजारच्या शेडांतल्या बायकाही सुटल्या होत्या, त्याही थबकल्या. सेठ म्हणाला, "गयाबाई, पिशवी दाखव." मायनं पिशवी पुढे केली. "अशी नाई. उपडी कर." मायला वाटलं गंमत आहे. ती हसली. शेवंताबाईनं तिच्या हातातून पिशवी घेतली आणि मातीत पालथी केली. रिकामा डबा, चमचा, आणि फडक्यात बांधलेले साबणाचे तुकडे. प्रत्येक बाईच्या पिशवीत होते तेवढेच. सेठनं ते फडकं दोन बोटांनी वर धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साबन काऊन बिघडला ते समजलं का आता? तेल ह्या चोट्टीच्या घरी जाते, तुकडे ह्या चोट्टीच्या घरी जातात. कढईत काय राह्यलं?" माय म्हणाली, "सेठजी, तुकडे तं तुमीच—" "तोंड बंद कर." मग ती शेवंताबाईकडे वळली. "शेवंते, तू सांग ना वो. तू बी नेते ना." शेवंताबाईनं पदर तोंडाला लावला आणि रस्त्याकडे पाहिलं. माय खाली बसली आणि मातीतला चमचा उचलून पदराला पुसू लागली. तो चमचा ती किती वेळ पुसत होती. मी उठले नाही. मी तिथे असूनही उठले नाही, ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सेठनं तिला बोलावून एका कागदावर सही घेतली. म्हणाला, हिशोब मिटल्याचा कागद आहे, सही कर आणि मोकळी हो. कागद तेलुगूत होता. मायला मराठी वाचता यायचं, तेलुगू नाही. तिनं सही केली. दोन दिवसांनी त्याची प्रत फाटकाच्या आतल्या भिंतीवर चिकटवलेली मी वाचली. तेलुगूत मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क असायचे. 'मी कारखान्यातले तेल व माल चोरून नेत होते, हे मी कबूल करते.' खाली मायची मराठी सही, गया, शेवटच्या अक्षरावर छोटी रेघ ओढलेली. ती नेहमी तशीच ओढायची.

मी घरी येऊन तो कागद तिला मराठीत सांगितला. बाबा ऐकत होते. "दरखास्त देऊ," म्हणाले. त्यांनी सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या दरखास्ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेण्यात घालवलं होतं, तरी त्यांचा दरखास्तीवर विश्वास होता. त्यांनी चांगल्या कागदावर, चांगल्या अक्षरात लिहून दिली. त्या कागदाचं पुढे काय झालं ते कळलं नाही. मायनं रांगेतल्या दुसऱ्या शेडांत विचारून पाहिलं, वह्यांच्या, वातींच्या. सगळ्यांनी त्या भिंतीवरच्या कागदाबद्दल ऐकलेलं. शेवटी ती जैनथकडे कापूस वेचायला जाऊ लागली. सोड्यानं फाटलेल्या बोटांत कापसाच्या बोंडाची टोकं शिरायची. घरी आली की आता तिच्या अंगाला कसलाच वास नसायचा, आणि त्याचीच मला जास्त चीड यायची.

लोक म्हणतात राग डोक्यात जातो. माझा डोक्यात गेला नाही, हातांत आला. मी फार नीटनेटकी झाले. रोज प्रदर्शनाचं थोडं काम. प्रदर्शनाला प्रमुख पाहुणा म्हणून शाळेनं वसंतसेठला बोलावलंय हे मला सरोजा मॅडमनी सांगितलं. त्यानं शाळेला बाकं दिली होती. सांगताना त्या अडखळल्या. म्हणाल्या, "तुला नको असेल तर विषय बदलून देते, अम्मा." मी म्हणाले, "नको मॅडम, हाच राहू द्या." आज माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या दुप्पट झालंय, मी स्वतः तीस वर्षं शाळेत शिकवलंय, आणि मला खात्री आहे की त्यांना माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं होतं. त्यांनी थांबवलं नाही. त्यासाठी मी त्यांना मानते.

मायच्या लोखंडी पेटीत, लुगड्यांना कसर लागू नये म्हणून ठेवलेली जुन्या बगळ्याची एक वडी होती, चांगल्या दिवसांतली. दुकानातून मी नवी वडी आणली. घरी मागच्या खोलीत दोन बरण्यांत कढत पाणी घेऊन दोन्ही वड्यांचा सारख्याच मापाचा कीस टाकून पाहिला. ढवळलं आणि ठेवून दिलं. चार-पाच तासांनी जुन्या साबणाच्या बरणीत तळाशी पातळ पांढरी साय बसलेली. नव्या साबणाच्या बरणीत दोन बोटं जाड गाळ. मी बोट घालून पाहिलं. ओला, गुळगुळीत, थंड दगड. मी तो गाळ कितीतरी वेळ चिमटीत चोळत बसले होते.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी दहाला मी पुन्हा तसाच कीस कढत पाण्यात ढवळून बरण्या मांडल्या. बाजूला रांगेतल्या शेडांचा माल लावला, वही, वाती, मेणबत्त्या, दोर, चपला, प्रत्येकाखाली कच्चा माल कोणता, काम कोण करतं, किती हातांतून जातं, सगळं लिहून. दुपारी तीनला सेठ आला. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. मागे मुलांचे आई-बाप, दुकानदार, वस्तीतल्या बायका. शेवटच्या रांगेत माय होती. वेचणी अर्धी टाकून आलेली, कारण मी फार आग्रह केला होता. सेठ माझ्या टेबलाशी आला, त्यानं मला ओळखलं नाही; शेडात वही घेऊन बसणाऱ्या पोरीकडे त्यानं कधी नीट पाहिलंच नव्हतं. म्हणाला, "अरे वा, आपला बगळा बी हाय का? सांग बेटा, काय केलं तू?"

मी सांगितलं. आवाज अजिबात कापला नाही. जुनी वडी दाखवली, नवी दाखवली. बरण्या उचलून सगळ्यांपुढे धरल्या. मग नव्या बरणीतलं पाणी हळूच ओतून टाकलं आणि तळातला गाळ पांढऱ्या फडक्यावर उपडा केला. थप् असा आवाज झाला. म्हणाले, "हा दगड आहे. तुम्ही साबण म्हणून हा घेता." मागून कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, सगळेच घालतात बापा. सेठही हसला आणि म्हणाला, "पोट्टी हुशार हाय." आणि तो पुढच्या टेबलाकडे वळू लागला. त्या क्षणी मला कळलं की हे एवढ्यानं होणार नाही. खरं सांगून ह्या माणसाचं काही बिघडणार नाही.

म्हणून मी खोटं बोलले. मी मागे गेले, मायला हाताला धरून पुढे आणलं, तिचा उजवा हात सगळ्यांपुढे वर धरला आणि म्हणाले, "ह्या दगडानं हात जळतात. हे बघा. ही रोज ह्याच्यात हात घालायची. तुमच्याही हातांचं हेच होईल, तुमच्या लेकरांच्या कपड्यांना हाच लागतो." बायका पुढे सरकल्या. एकीनं मायची बोटं हातात घेऊन पाहिली. एकीनं स्वतःचे हात पाहिले. कष्टाच्या बाईच्या हाताला कुठं ना कुठं भेग असतेच. सेठ म्हणाला, "खोटं हाय हे, दगडानं काई होत नाई," पण तोवर उशीर झाला होता. मायचा हात माझ्या हातात थंडगार पडला होता. तिनं तो सोडवून घेतला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

घरी गेल्यावर तिनं पाणी प्यायलं, भांडं ठेवलं आणि मग बोलली. "दगडानं हात नाई जळत, कुंदे. सोड्यानं जळते. तुले माहीत होतं."

"होतं."

"मंग माह्या हाताचं सोंग काऊन केलं चार लोकांत?"

"त्यानं तुझी पिशवी उपडी केली चार लोकांत."

"ते त्यानं केलं," ती म्हणाली. "हे तू केलं." तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बाबा आमच्या दोघींच्या मध्ये बसून जेवायचे. मी मनातून अजिबात वरमले नव्हते. उलट रोज शाळेत जाताना कान देऊन ऐकायची. नळावर, ऑटोत, बाजारात एकच बोलणं, बगळ्यानं हात जळतात. जैनथच्या दुकानदारांनी पेट्या परत धाडल्या. भीमपूरच्या एका बाईनं म्हणे दुकानदाराच्या अंगावर वडी फेकली. हे ऐकून मला जेवण गोड लागायचं.

महिनाभरानं, एका रविवारी सकाळी, वसंतसेठ आमच्या दारात आला. स्कूटर त्यानं गल्लीच्या तोंडाशीच ठेवली होती. बाबांनी खुर्ची दिली, तो बसला नाही. म्हणाला, "गयाबाई, तुमी कढईवर चौदा वर्सं होत्या. तुमाले माहीत हाय, दगडानं हात जळत नाई. तुमी एकदा लोकायले सांगा. तुमचं ऐकतीन ते." तो कधीच मायला 'तुमी' म्हणाला नव्हता. त्यानं खिशातून तो तेलुगू कागद काढला. "हा फाडून टाकतो. आत्ता फाडतो."

मी मधेच म्हणाले, "माय, नको."

"तू गप्प राह्य." माय चूल सारवत होती, तिनं हात धुतले, पुसले, आणि आली. "फाडून काय होते, सेठजी? लोकायनं वाचला तो. तुमी दुसरा लिवा. मराठीत. मले वाचता येईन असा. की गयाबाईनं काई चोरलं नाई, मी खोटं बोललो. आन तो फाटकात वाचा, पाच वाजता, बाया सुटतात तवा."

"बायकांपुढं?"

"मंग मी कोनापुढं उभी होती?"

सेठनं कागद घडी करून परत खिशात घातला. मग म्हणाला, "आन तुमी खरं सांगसान?"

"सांगीन. मी कवा खोटं बोलली तुमच्याशी?"

तो गेल्यावर मी रडले, ओरडले. म्हणाले, तू त्याला वाचवून राह्यली. तिनं मला पिठाचा डबा आणून दे म्हणून सांगितलं आणि भाकरी थापायला बसली.

मंगळवारी पाच वाजता आम्ही फाटकात गेलो. सेठनं तयारी चांगली केली होती. जैनथचे, भीमपूरचे, गावातले दुकानदार त्यानं मुद्दाम बोलावून घेतले होते, की बाईच्या तोंडून ऐका आणि पेट्या पुन्हा न्यायला लागा. अकरा बायका उभ्या होत्या, शेजारच्या शेडांतल्याही आल्या होत्या. सेठनं कागद वाचला. घाईघाईनं वाचला, पण माय म्हणाली, "सेठजी, हळू," आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं. 'मी गयाबाईवर घातलेला आळ खोटा होता.' शेवंताबाई खाली मान घालून उभी होती. मी तिच्याकडेच पाहत होते, तिनं वर पाहावं म्हणून. तिनं पाहिलं नाही.

मग माय पुढे झाली. पदर खोचला. म्हणाली, "बायायनो, माही पोरगी शाळेत खोटं बोलली. दगडानं हात जळत नाई. माहे हात सोड्यानं जळले. तिचं खोटं मी मागं घेते." सेठनं दीर्घ श्वास सोडला. दुकानदारांनी एकमेकांकडे पाहिलं. पण माय हलली नव्हती. ती तिथेच उभी राहून पुढे म्हणाली, "पन दगडानं मळ बी निंगत नाई. बगळ्यात आता अर्धा दगड हाय. मले इचारा, कारन तो मी माह्या हातानं वतला. सेठजीनं सांगितलं आन मी वतला. मी नाई म्हनाले पायजे होतं, मी म्हनली नाई. तं तुमी दगड इकत घेऊन राह्यले, आन बाया दगडानं कपडे घासून राह्यल्या. एवढंच खरं हाय. सेठजीनं मले खरं सांगाले लावलं, म्हून सांगितलं."

कोणी हसलं नाही. भीमपूरचा दुकानदार, म्हातारा माणूस, सेठला तेलुगूत एवढंच म्हणाला, "नीच काम केलंस," आणि आपल्या ऑटोकडे चालू लागला. बाकीचे त्याच्या मागे. सेठ 'ऐका ना, ऐका ना' करत फाटकापर्यंत गेला. मायनं त्याच्या हातातला मराठी कागद काढून घेतला, घडी घातली आणि ब्लाउजात ठेवला. वाटेत ती मला म्हणाली, "खोट्यानं मारलं असतं तं तो उद्या उठून उभा राह्यला असता." बस, एवढंच. पण ती माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होती.

पुढच्या कापसाच्या हंगामाआधी शेडला कुलूप लागलं. अकरा बायकांचं काम गेलं, हे मी लपवत नाही. त्यातल्या दोघी आमच्या घराण्याशी मरेपर्यंत बोलल्या नाहीत आणि त्यांचं चूक होतं असं मला म्हणता येत नाही. मायनं बाबांच्या ओळखीनं एक जुनी कढई मिळवली आणि घरामागे साबण करायला घेतला, मोहाच्या तेलाचा, ठसा नसलेला. पाच जणी आल्या. सहावी शेवंताबाई. दारात उभी राहून रडली, मायनं तिला आत घेतलं, तार ओढायला बसवलं. मी तीन वर्षं रोज सगळ्यांना चहा करून दिला आणि तिला एकदाही माझ्या हातानं कप दिला नाही. खाली ठेवायची, ती उचलून घ्यायची. माय पाहायची. ह्या बाबतीत ती मला कधी काही बोलली नाही.

अलीकडे मी धम्माच्या शिबिरांना जाते. मैत्री, क्षमा, द्वेषानं द्वेष शमत नाही, सगळं मला पाठ आहे आणि मी मुलांना शिकवलंही आहे. डोळे मिटून बसते आणि मला ते फाटक दिसतं, मातीत बसून चमचा पुसणारी माय दिसते, आणि माझ्या आत जे काही आहे ते जसंच्या तसं बसून असतं. मी त्याच्याशी भांडणं सोडलंय.

वसंतसेठ मला एकदाच पुढे भेटला. डोळ्यांच्या दवाखान्यात, मोतीबिंदूच्या रांगेत. एका डोळ्यावर पट्टी, सुनेचा हात धरलेला, खूप वाळला होता. माझं नाव पुकारलं तेव्हा त्यानं मान वळवली. "गयाबाईची कुंदा काय?" मी हो म्हणाले. त्यानं हवेत हात पुढे केला, माझा हात शोधायला. मी दिला नाही. म्हणाला, "गयाबाई बरी हाय ना?"

"बरी आहे."

"साबन करते का अजून?"

"करते."

"मी इचारलं म्हून सांगजो तिले."

"सांगते," म्हणाले, आणि आत गेले.

मायला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. पण ती गेली हे ऐकून त्या माणसाला क्षणभर जरी सुटल्यासारखं वाटलं असतं, तरी तेवढं मला त्याला द्यायचं नव्हतं.